शनिवारचा बाजार आणि कृष्णाकाठ

रत्नागिरीला राहणारी माझी आतेबहीण जेव्हा जेव्हा सांगलीला येते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे समुद्र नाही, किल्ला नाही, मग बघायचं काय?" आजवर मी उत्तरादाखल तिला थेट गणपती मंदिरात नेत असे. यंदा जानेवारीत ती शुक्रवारी रात्री आली आणि दुसऱ्या दिवशी आठवडा बाजार आहे हे लक्षात येताच मी बेत उलटा केला. आधी बाजार, मग बाकीचे सारे.

शनिवारी शिवाजी मंडई आणि मारुती रोडच्या परिसरात सकाळी लवकर जावे, कारण उन्हे चढली की चालायला जागा उरत नाही आणि पालेभाजीही मान टाकते. जानेवारीत हा बाजार सर्वांत देखणा असतो. हरभऱ्याचे डहाळे, मेथीच्या जुड्या, ओल्या हळदीचे गड्डे आणि या सगळ्यांत मानाचे स्थान मळीच्या वांग्यांना. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी काठावरच्या रानांत शिरते आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जाते. त्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. तिथल्या वांग्यांची साल पातळ असते, ती लवकर शिजतात, आणि वांगे न खाणारी माणसेही ती खातात, असा निदान माझ्या घरचा अनुभव आहे.

ताईने वांगे हातात घेतले आणि अंगठ्याने दाबून पाहिले. माशाचा ताजेपणा दाबून पाहण्याची तिची जन्माची सवय. समोर पोत्यावर बसलेल्या मावशींनी तिचा हात तिथेच थांबवला. "ताई, दाबू नगासा, डाग पडतो. देठ बघा की." मग त्यांनी स्वतः एक वांगे उचलून दाखवले: देठ हिरवागार, त्यावरचे काटे बोटाला टोचतील इतके ताठ, आणि टोपीखालची साल उरलेल्या सालीपेक्षा फिकट. काटे मऊ पडले असतील तर वांगे कालचे. तिने मुकाट्याने दोन किलो वांगी घेतली आणि भावाबद्दल एक शब्द काढला नाही, ही तिच्या बाबतीत नवलाचीच गोष्ट म्हणायची.

बाजारातून आम्ही आयर्विन पुलावर गेलो. १९२९ साली खुला झालेला हा दगडी पूल सांगलीकरांसाठी नुसता पूल नाही. पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष इथल्या पाणीपातळीकडे लागलेले असते. ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. हे सांगितल्यावर ताईने खाली संथ वाहणाऱ्या पात्राकडे बराच वेळ पाहिले. सकाळची वांगी ज्या गाळावर पिकली, तो गाळही याच पाण्याने आणलेला. पटवर्धन संस्थानिकांनी काळ्या दगडात बांधलेल्या गणपती मंदिरात दर्शन चटकन झाले, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

खरा वेळ गेला तो हरिपुरात. शहरापासून तीन-चार किलोमीटरवरचे हे गाव कृष्णा आणि वारणेच्या संगमावर आहे. संगमेश्वराच्या घाटावर बसले की दोन नद्यांचे पाणी एकत्र येताना दिसते. मला तिथली दुपारची शांतता श्रावणी सोमवारच्या यात्रेपेक्षा अधिक आवडते. पण हरिपूरची दुसरी ओळख जमिनीखाली आहे, ती म्हणजे हळदीची पेवे. इथल्या घट्ट मातीत मडक्यासारखी, तोंड अरुंद आणि पोट रुंद अशी खोल पेवे खणली जात. वाळवलेली हळद आत भरून तोंड मातीने लिंपून टाकत. हवा आणि ओल लागत नसल्याने कीड पडत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंदट हवा बाहेर जाऊ देत, मग कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर माणसाने थांबायचे. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली, आणि आता बहुतेक माल वखारींत आणि शीतगृहांत जातो.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही मी अभिमानाने सांगून टाकले. ताई म्हणाली, "अरे, सुरमईला रोज लावते ती हळद तुमच्याकडचीच. ती अशी जमिनीखाली ठेवत, हे कधी ठाऊकच नव्हतं."

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा ओली हळद लोणच्यासाठी पिशवीत आणि वांगी वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत, अशी व्यवस्था मीच लावून दिली. आंबा घाट उतरल्यावर तिचा फोन आला. घाटात चहाला थांबल्यावर तिने वांगी चाचपून पाहिली होती आणि बोटात काटा मोडून बसला होता. "म्हणजे अजून ताजी आहेत ना?" एवढेच तिला विचारायचे होते.