न फुटणारा गोळा

अंबाजोगाईच्या स्टँडवर आज तोफखान्यातले एक रिटायर सुभेदार मामा भेटले. देवळालीला शिकलेला गडी, आवाजही तोफेचाच! म्हणाले, "भाऊ, न फुटणारा गोळाबी असतोय."

१५५ मिमीचा गोळा, पण आत स्फोटकाऐवजी छोटे जॅमर, म्हणजे वायरलेसचं बोलणं बिघडवणारी यंत्रं. टाइम फ्यूजमुळे (ठरल्या वेळी चालणारी कळ) हवेतच गोळ्याचं बूड उघडतं, जॅमर खाली येऊन मातीत रुततात, एरियल वर निघते आणि शत्रूच्या वायरलेसवर नुसती खरखर. बॅटरी इवलीशी, पण रेडिओच्या उशालाच पडल्यावर तेवढी ताकद पुरते. लांबून हेच करायला ट्रकभर यंत्र लागेल. अमेरिकेने १९८०च्या दशकात असा गोळा करून पाहिला, बल्गेरियाने १२२ आणि १५२ मिमीचे केले.

तोफेतून सुटताना गुरुत्वाच्या दहा हजार पट धक्का बसतो म्हणे. त्यात सर्किट टिकतं कसं?

"रेझिनमधी, म्हंजी वाळून टणक होणाऱ्या चिकात, गच्च बसवतेत," मामा म्हणाले. (आमचा मोबाइल खिशातून पडला तरी मरतो!)