ईएसआर १४, तरी गुडघा सुजलेला

लेक साडेचार वर्षांची होती. सकाळी जिना बसत-बसत उतरायची आणि दहाच्या सुमारास अंगणात धावायची. सासूबाई म्हणायच्या, "शाळेत जायचं नाही ना, नाटकं करते पोट्टी." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. मग एकदा आंघोळ घालताना डावा गुडघा हाताला गरम लागला. शिवणाची टेप लावली. उजव्यापेक्षा २ सेंटीमीटर जास्त.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. अंगातला दाह दाखवणारे दोन आकडे, ईएसआर १४ आणि सीआरपी ३; संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह. आमच्याकडे विदर्भात सांधे दुखले की सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजारही बघतात, तेही निघालं नाही. "नॉर्मल आहे सगळं, पडली असेल कुठे." आम्ही खुशीत घरी आलो. दीड महिना गेला, सूज जागची हलली नाही.

शेवटी नागपूरला धंतोलीत मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलं. मी फाइल पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवून आधी गुडघा चाचपला. मग समजावलं. सीआरपी यकृतात बनतं. दाह पेटला की काही तासांत चढतं, विझला की भराभर उतरतं. ईएसआर म्हणजे नळीतल्या लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते. तो सावकाश चढतो, सावकाश उतरतो, आणि अंगात रक्त कमी असलं तरी वाढलेला दिसतो. एकदोनच सांधे सुजले असतील तर दोन्ही आकडे चक्क नॉर्मल येऊ शकतात. आरए फॅक्टर तर संधिवाताच्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सूज, यावर निदान ठरतं.

एएनए, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी रक्ततपासणी, मात्र पॉझिटिव्ह आली. अशा मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येण्याची भीती जास्त, आणि डोळा ना लाल होतो ना दुखतो. म्हणून आता दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यात बारीक उजेड टाकून आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणी. रक्ताच्या सुईला न रडणारी माझी पोरगी त्या यंत्रावर हनुवटी टेकवायला मात्र भांडते.

गुंगी देऊन गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत जिना उभ्याने उतरायला लागली.

दिवाळीनंतर तिला ताप आला. मी कोणाला न विचारता सीआरपी करून आणलं. ३८! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टरांनी आकडा ऐकला, दोन्ही गुडघे वाकवून पाहिले, मग तिला 'आ' करायला लावलं.

टॉन्सिल.