सॅपर्टनचा बोगदा, नोंद सातवी: पाणी मुरतं तिथे

मागच्या शुक्रवारी रात्री माझ्या मॉडेलमधल्या कालव्यात पाणी सोडलं. म्हणजे दोन भागांचं पारदर्शक रेझिन, त्यात हिरव्या रंगाचा एक थेंब, चमच्याच्या पाठीवरून हळूहळू ओतलं. शनिवारी सकाळी पाहतो तर पातळी निम्म्यावर आणि टेबलाखाली चिकट डबकं. फोमच्या दोन तुकड्यांमधला सांधा पुट्टीने नीट बुजला नव्हता. ओरखडून सगळं काढायला अख्खा रविवार गेला. पण त्या रविवारी हातात पटाशी घेऊन बसलो असताना या मॉडेलचं काय करायचं ते ठरलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी इंग्लंडमधल्या स्विंडनला राहतो, आणि टेम्स व सेव्हर्न या नद्या जोडणाऱ्या, इथून जवळच्याच टेम्स-सेव्हर्न कालव्याचा एक तुकडा १:७६ प्रमाणात उभा करतोय. सॅपर्टन बोगद्याचं कोट्स गावाकडचं तोंड आणि त्यापुढची खोल चर, एवढंच. बोगदा आतून पूर्ण करायचा म्हटलं तर या प्रमाणात ४६ मीटर लागतील. खरा बोगदा ३,८१७ यार्डांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोमीटरचा आहे. १७८९ साली तो पुरा झाला तेव्हा इंग्लंडमध्ये याहून लांब कालव्याचा बोगदा नव्हता.

कालवा सुमारे ४६ किलोमीटरचा. स्ट्राउडजवळ वॉलब्रिजपाशी तो सेव्हर्नकडून आलेल्या जुन्या कालव्याला लागतो आणि लेचलेडजवळ इंगलशॅमला टेम्समध्ये उतरतो. स्ट्राउडकडून माथ्यापर्यंत, म्हणजे कालव्याच्या सगळ्यात उंच टप्प्यापर्यंत, २८ लॉक (दारं बंद करून पाणी भरत-सोडत बोट वर-खाली नेणारे हौद) चढायचे, पलीकडे १६ उतरायचे. १९ नोव्हेंबर १७८९ ला पहिली बोट आरपार गेली. त्याआधी, १७८८ च्या जुलैमध्ये, खुद्द राजा तिसरा जॉर्ज बोगद्याचं काम पाहून गेला होता.

आता पाण्याचं. अडचण चढ-उताराची नव्हती, माथ्याची होती. प्रत्येक बोट माथा ओलांडताना दोन्ही बाजूंच्या लॉकमधून पाणी खाली नेते, आणि ते भरून काढायला वर पुरेशी मोठी नदी नाही. त्यात तळाचा दगड म्हणजे ऊलाइट चुनखडी. मी कोट्सहून एक खपली आणलीय, ती भिंगाखाली धरली की माशाच्या गाबोळीसारखे गोल गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. हा दगड भेगाळतो आणि पाणी गिळतो. त्यावर चिकणमाती तुडवून थर दिला की गळती थांबायची, थर तडकला की पुन्हा सुरू. आपल्याकडे पाझर तलाव मुद्दाम बांधतात, इथे नको असताना पाझर होत राहिला. बोगद्याच्या पोटात तर मुलतानी मातीचा पट्टा लागतो. पाणी लागलं की ती फुगते आणि तळ वर उचलते. याच मातीने स्ट्राउडच्या खोऱ्यात लोकर स्वच्छ करायचे, तिथल्या गिरण्यांचा कपडा तिच्यावर चालला. तीच माती कालव्याच्या मुळावर आली.

तोड काय काढली, तर टेम्सच्या उगमाशीच विहीर खणून पाणी उपसायचं. आधी पवनचक्की बसवली, ती पुरेना, मग बोल्टन आणि वॅट कंपनीचं वाफेचं इंजिन, आणि १८५४ मध्ये त्याच्या जागी मोठं कॉर्निश इंजिन, तेही पाणी उपसणारं वाफेचंच. टेम्सला जोडणारा कालवा टेम्सच्याच उगमाचं पाणी पीत होता. मला यात बांधणाऱ्यांचा हट्ट दिसतो, आणि त्या हट्टाबद्दल मनापासून आदर वाटतो.

त्यांना खरा मार बसला तो रेल्वेचा. १८४५ मध्ये स्विंडनहून ग्लॉस्टरला जाणारी लोहमार्गाची लाईन याच टेकड्यांतून बोगदा काढून गेली. माल तिकडे वळला, दुरुस्तीला पैसा उरेना, गळती वाढली. १९०१ मध्ये ग्लॉस्टरशायरच्या कौंटी कौन्सिलने कालवा हाती घेऊन पुन्हा डागडुजी केली, तरी १९११ नंतर माथा ओलांडणाऱ्या बोटी थांबल्या. पूर्वेकडचा भाग १९२७ मध्ये आणि उरलेला १९३३ मध्ये सोडून दिला.

कामाची प्रगती. बोगद्याच्या दर्शनी भिंतीचा तिसरा साचा अखेर जमला. पहिल्या दोन प्लास्टरांत खांबांच्या कडा तुटल्या, तेव्हा या वेळी सिलिकॉनचा साचा दोन तुकड्यांत केला. कोट्सकडचं तोंड देवळासारखं नटवलंय. दोन्ही बाजूंना खांब आणि त्यांच्यामध्ये कोनाडे, मूर्तीसाठी केलेले पण रिकामे. प्रत्यक्षात जाऊन पाहाल तर तोंडासमोर उभं राहिल्यावर गार हवा अंगावर येते. १९७७ मध्ये ही भिंत दुरुस्त झाली, पण आत छत कोसळल्यामुळे बोगदा बंद आहे. कोनाड्यांच्या आतली सावली रंगाने काढली नाही, ती खोलीतून यायला हवी म्हणून ४ मिलिमीटर कोरलं.

चरीच्या भिंतींवर शेवाळ लावून झालं. घोड्याची वाट मात्र तोंडापाशी संपते, कारण आत वाटच नाही. घोडे टेकडीवरून पलीकडे न्यायचे, आणि बोटीवरचे लोक पाठीवर पडून पायांनी भिंत रेटत बोट पुढे सरकवायचे. एका फेरीला काही तास. हेली वुडच्या झाडीतून चालताना बोगद्याच्या रेषेवर मातीचे उंचवटे एकामागोमाग लागतात, ते खणताना उतरवलेल्या विहिरींतून उपसलेल्या मातीचे. मागच्या महिन्यात तिथून चालत गेलो, तेव्हापासून पायाने बोट रेटणारी ती माणसं डोक्यातून जात नाहीत. त्यांच्यातल्या दोघांची जोडी बोटीच्या टपावर आडवी ठेवायची आहे. एकेका माणसाचं माप १:७६ मध्ये जेमतेम २३ मिलिमीटर.

आणि ते ठरलेलं: कालवा काठोकाठ भरायचा नाही. उन्हाळ्यातला माथा करायचा. कडेला उघडा पडलेला करडा गाळ, त्यावर तडा गेलेली चिकणमाती, आणि मधोमध पाण्याची पट्टी. मीठ घातलेली खळ पातळ लावून सुकवली की अशा भेगा छान पडतात, दोन तुकड्यांवर करून पाहिलं. पुट्टीचे दोन हात देऊन झालेत, सांध्यावर वर फायबरची पट्टी चिकटवली आणि रात्रभर साधं पाणी भरून ठेवलं. सकाळी फरशी कोरडी. या शनिवारी रेझिन ओततोय, फक्त ६ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या कालव्यात साधारण दीड फूट. बोट तिरकी टेकलेली दिसायला तेवढं पुरेल.