एका शब्दासाठी चार फेऱ्या : एथिक्स कमिटीचा माझा अनुभव

आधी तक्रार सांगते, मग बाकीचं. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत माझं मराठी संमतीपत्रक चार महिने अडलं ते 'यादृच्छिक' या एका शब्दावर. हा शब्द तुम्ही घरात शेवटचा कधी उच्चारलात, आठवून बघा.

काम छोटंच होतं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी आहे, तिला प्रेप म्हणतात. आता सहा महिन्यांतून एकदा टोचायचं इंजेक्शनही आलंय. या दोघांची तुलना करणारी ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, उद्या आपल्या भागात आली तर बायका तीत येतील का? गोळी घरात कुठे ठेवतील? सासूनं विचारलं तर काय सांगतील? निपाणी-चिकोडीकडच्या तीसेक जणींशी बोलून एवढंच समजून घ्यायचं होतं. मी बेळगावात समाजकार्यात पीएचडी करते. आमच्या संशोधन गटातले बाकीचे सगळे डॉक्टर.

अर्ज, गाइडचं पत्र, बजेट आठवड्यात झालं. पहिली मीटिंग मात्र झालीच नाही. पाच डोकी जमली म्हणून कोरम, म्हणजे मीटिंग चालवायला लागणारी किमान हजेरी, होत नाही, त्यांत एक कायद्याचा माणूस आणि एक सामान्य नागरिकही लागतो. वकीलसाहेब कोर्टात अडकले. टिळकवाडीहून सकाळी नऊला गेलेली मी दुपारी दोनपर्यंत कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून परत आले. तेव्हा जायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि 'वकील येणार आहेत ना' असंच विचारा.

दुसऱ्या खेपेला एका डॉक्टरांनी विचारलं, "मुलाखती कशाला? ट्रायलमध्ये उरलेल्या गोळ्या मोजल्या की कळतंच ना कोण घेतंय ते." मी गडबडले. उत्तर जिभेवर हवं होतं, ते घरी येताना रिक्षात सुचलं. आफ्रिकेतल्या तीन देशांत 5,029 स्त्रियांवर झालेल्या व्हॉइस ट्रायलमध्ये हेच केलं होतं. परत आलेल्या गोळ्या मोजल्या, त्या हिशेबानं 86 टक्के औषध घेतलं गेलं होतं. मग साठवलेलं रक्त तपासलं तर जेमतेम 25 ते 30 टक्के नमुन्यांत औषध सापडलं. 2013 साली निकाल आला की कुठल्याच गोळीनं वा योनीत लावायच्या जेलनं संरक्षण दिसत नाही. गोळी काम करते हे 2010 च्या आयप्रेक्स ट्रायलमध्ये पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत दिसलं होतं, पण पोटातच गेली नाही तर ती काय करणार? नंतर त्या बायकांशी बसून बोलल्यावर कारणं कळली. गोळीच्या त्रासाची भीती, आणि डबी कुणी पाहिली तर हिलाच एड्स आहे म्हणतील ही धास्ती. निपाणीत एकीनं मला गोळी ठेवायची जागा सांगितली ती मिसरीच्या डबीत. "तिथं नवऱ्याचा हात जात न्हाई," म्हणाली. हे कुठल्या मोजणीत येणार? तुम्ही जाल तेव्हा हे एका पानावर लिहून न्या आणि प्रश्न यायच्या आधीच टेबलावर ठेवा.

आता तो शब्द. ट्रायलमध्ये कुणाला गोळी आणि कुणाला इंजेक्शन हे डॉक्टर ठरवत नाहीत, बाई ठरवत नाही, ते नशिबावर सोडतात. मुलाखतीत अशाच ट्रायलबद्दल विचारायचं होतं, म्हणून पत्रकात हे समजावून सांगणं भाग होतं. मी लिहिलं, 'चिठ्ठ्या टाकून ठरेल'. नियम असा की इंग्रजीचं मराठी एकानं करायचं आणि त्या मराठीचं परत इंग्रजी दुसऱ्यानं, मूळ न बघता. दुसऱ्यानं 'लॉटरी' करून टाकलं. झालं! लॉटरी म्हणजे बक्षीस, बक्षीस म्हणजे आमिष, पत्रक परत. कमिटीत सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त मराठीचे शिक्षक होते. त्यांनी प्रेमानं सुचवलं, "'यादृच्छिक पद्धतीने वाटप' लिहा. शुद्ध आहे."

लिहिलं. मग ते निपाणीत विड्या वळणाऱ्या आठ जणींना वाचून दाखवलं. नुसतं वाचलं, त्यांचं काही विचारलं नाही. मांडीवरच्या सुपात तंबाखू, हात चालूच. माझं वाचून झालं तरी कुणी मान वर करेना. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "यादृच्छिक मंजे कोन? नवं डाक्टर हाईत व्हय?"

मी गुपचूप 'चिठ्ठ्या' म्हटलं. लगेच सगळ्या खुलल्या. "आगं, भिशीगतच की! मंजे ह्या खेपंला हिला इंजेक्शन, पुढल्या खेपंला मला."

इथं माझी बोलती बंद झाली. भिशीत उशिरा का होईना, प्रत्येकीचा नंबर लागतो. ट्रायलमध्ये तसं नाही, एकदा गोळीच्या गटात गेलात की शेवटपर्यंत गोळीच. माझ्या साध्यासोप्या शब्दानं त्या चुकीचं समजून सही करणार होत्या. कमिटीचं कारण भलतंच होतं, पण 'चिठ्ठ्या' काढायला लावला ते बरंच झालं. हे मान्य करायला मला आठवडा लागला.

त्याच बायकांकडून पर्याय निघाला, छापा-काटा. नाणं एकदाच उडवायचं, पडेल ते पडेल. मी तसं लिहून नेलं, तर एका सदस्यांना त्यात जुगार दिसला. वाद वाढायला लागला तसं शिक्षकांनी, होय, त्याच शिक्षकांनी, चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांना थांबवलं आणि तेवढा परिच्छेद वाचायला दिला. मामा कन्नड वळणाच्या मराठीत अडखळत वाचत गेले आणि म्हणाले, "मंजे कुणाच्या हातात न्हाई, नाण्याच्या हातात." पुढच्या दोन मिनिटांत शब्द मंजूर. चार महिने मी आणि त्या मावशी हेच सांगत होतो.

तरी मंजुरीचं पत्र हातात नाहीच! मराठी पत्रकाच्या तळाला 'आवृत्ती 4' आणि कन्नडच्या तळाला 'आवृत्ती 3' राहिलं होतं. मजकूर अक्षरशः तोच, पण त्यात आणखी एक महिना गेला. सीमाभागात काम करणाऱ्यांनी इंग्रजी, मराठी, कन्नड तिन्ही फायली शेजारी ठेवून आधी तळाच्या ओळी तपासाव्यात. मजकूर नंतर.

हो, अंगठा देणाऱ्या बाईसाठी कामाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तो गल्लीतला नको. एचआयव्ही शब्द असलेल्या कागदावर शेजारीण साक्षीदार म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत चर्चा. आम्ही दुसऱ्या गावच्या बचतगटातल्या एक ताई आणल्या, जायचं-यायचं एसटीभाडं आमचं. बजेटमध्ये ते धरलं नव्हतं, तुम्ही धरा.

पत्र सातव्या महिन्यात आलं. मंजुरी एक वर्षाची, तीही पत्राच्या नव्हे, मीटिंगच्या तारखेपासून. म्हणजे आवृत्तीच्या घोळात गेलेला महिना माझ्याच वर्षातून कापला. मुदतवाढीचा अर्ज आत्ताच टाइप करून ठेवलाय, तळाला तिन्ही भाषांत 'आवृत्ती 1'.