बर्गरमधलं पाणी

इथं परदेशात आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका सहकाऱ्याने टीममधल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. मागच्या अंगणात कोळशाची ग्रिल आणि तिच्याभोवती उभ्याने गप्पा. निमंत्रणात त्याने माझ्यासाठी वेगळी ओळ लिहिली होती : ‘तुझ्यासाठी शाकाहारी बर्गर आणून ठेवतो.’ आणि खरंच आणून ठेवला होता. ग्रिलच्या एका कडेला फॉइलचा तुकडा पसरून, दुसऱ्या कशाचा स्पर्श होणार नाही याची काळजी घेत, त्याने ती एकुलती एक टिक्की भाजली. त्याची आपुलकी मला दिसत होती, म्हणून मी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. पण आतून पिठूळ, बाहेरून चिवट, आणि मिठापलीकडे चव कसलीच नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानात तसंच खोकं दिसलं म्हणून मागची बाजू वाचली. घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत अंड्याचा पांढरा भाग होता. मी अंडं खात नाही. चूक त्याची नव्हती. खोक्यावर पुढे ‘शाकाहारी’ लिहिलेलं होतं आणि इकडे बहुतेकांच्या हिशेबात अंडं त्यात बसतं. त्या दिवसापासून यादी वाचल्याशिवाय मी काही विकत घेत नाही, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. अंडं आणि दूध शोधणं त्यातल्या त्यात सोपं, कारण अ‍ॅलर्जीमुळे त्यांची नावं स्पष्ट द्यावी लागतात. अवघड असतात त्या बाकीच्या गोष्टी. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचक रसाने, विरजलेली असतात. अस्सल पार्मेजान तर तसंच करावं लागतं. बनच्या वरची चकाकी कधी कधी अंड्याची असते.

पण खरं सांगायचं तर मला त्या खोक्यापेक्षा त्या फॉइलच्या तुकड्याने जास्त अस्वस्थ केलं. कुणाच्या तरी घरी जायचं आणि आपल्यामुळे त्यांना एक वेगळा कोपरा करावा लागायचा, हे मला पटत नव्हतं. पुढच्या वेळी आपण असं काहीतरी घेऊन जायचं, की ते ग्रिलच्या मधोमध भाजलं जाईल आणि सगळे मागून खातील, असं मी ठरवलं.

पहिला प्रयत्न मी अगदी हातच्या सवयीने केला. राजमा शिजवला, बटाटे उकडले, गाजर किसलं, मक्याचे दाणे घातले, सगळं एकत्र कुस्करून गोळे थापले. तव्यावर ते दिसायला छान दिसले. उलथण्याने उलटायला गेले तर अर्धा भाग तव्याला आणि अर्धा उलथण्याला. डाळीचं पीठ वाढवलं, ब्रेडचा चुरा वाढवला. मग टिक्की घट्ट झाली, पण चवीला पिठाचा गोळाच. पावात घालून चावलं की मधला लगदा चारी बाजूंनी बाहेर यायचा. असं तीन शनिवार चाललं.

चौथ्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर आईला ते भांडं दाखवलं. आईने आयुष्यात कधी बर्गर केलेला नाही. तिने एक क्षण पाहिलं आणि विचारलं, “अगं, पाणी किती आहे त्यात? आधी कोरडं होऊ दे की, मग कुस्कर.”

मी पिठामागे लागले होते आणि अडचण पाण्याची होती.

हे समजल्यावर बाकी सगळं उलगडत गेलं. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बीट, गाजर यांच्यातही साधारण ८७-८८ टक्के. शिजवलेल्या राजम्यातसुद्धा दोन तृतीयांश पाणीच असतं. आता, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर तो त्याच्या वर तापत नाही. भाजल्याचा तो खमंग तपकिरी रंग आणि वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने येऊ लागतो. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या अभिक्रियेचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. म्हणजे ओल्या मिश्रणाची टिक्की तव्यावर असली तरी ती भाजली जात नसते, वाफवली जात असते. आणि ते पाणी शोषायला म्हणून आपण पीठ घालत गेलो की चव आणखी पातळ होत जाते.

म्हणून आता मी प्रत्येक जिन्नस एकत्र करण्याआधी वेगळा कोरडा करते. शिजवून निथळलेला राजमा ट्रेवर एका थरात पसरून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवते. दाणे तडकतात, सालं कोरडी पडतात, आत मात्र मऊपणा राहतो. मशरूम बारीक चिरून रुंद पॅनमध्ये मोठ्या आचेवर, पॅन गच्च न भरता. आधी ते पाणी सोडतात, पॅनमध्ये तळं साचतं. तेव्हा घाई करायची नाही. ते पाणी पूर्ण आटलं की आवाज बदलतो, खदखद थांबून चरचर सुरू होते, आणि मगच तेल घालायचं. पाव किलोचे जेमतेम शंभर ग्रॅम उरतात. कांदा त्याच पॅनमध्ये तपकिरी होईपर्यंत परतायचा. बीट किंवा गाजर घालणार असाल तर किसून, मीठ लावून, फडक्यात घट्ट पिळून घ्या. (मी बीट घालतच नाही. हल्ली मांसासारखा लाल रंग यावा म्हणून ते घालायची पद्धत पडली आहे. मला त्या रंगाची नक्कल करायची गरज वाटत नाही. राजमा आणि मशरूमचा स्वतःचा रंग चांगला गडद असतो.)

राजम्याबद्दल इथे जरा थांबते, कारण हे सांगणं गरजेचं आहे. परदेशात भाड्याच्या घरात प्रेशर कुकर नसतो, आणि घरमालकीणबाई मायेने स्लो कुकर देऊन जातात. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत जोरदार उलट्या करवू शकतात. स्लो कुकरमधलं तापमान उकळीच्या बरंच खाली राहू शकतं, आणि अशा मंद आचेवर राजमा मऊ झाला तरी ते लेक्टिन नष्ट होत नाही. उलट कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतं. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. दहा मिनिटं ही अगदी किमान मर्यादा सांगतात, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अर्धा तास सांगतं; मी अर्धा तास धरते. त्यानंतर खुशाल स्लो कुकरमध्ये टाका. डब्यातला राजमा आधीच पूर्ण शिजवलेला असतो, त्याला हे काही लागू नाही.

पाणी काढलं की बांधणीला फार थोडं पुरतं. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी एकत्र करून दहा मिनिटं ठेवलं की चिकट बुळबुळीत मिश्रण होतं. ते एका अंड्याचं काम करतं. काबुली चणे शिजवलेलं दाट पाणीही चालतं. फ्रान्समधल्या जोएल रोसेलने २०१४ साली ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसता येतं हे दाखवून दिलं, आणि पुढच्या वर्षी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव मिळालं. माझा कल जवसाकडे आहे, कारण त्याला स्वतःची हलकी खमंग चव असते. विकतच्या बर्गरमध्ये बहुधा मिथाइल सेल्युलोज असतं. त्याची गंमत अशी की ते गरम झालं की घट्ट होतं आणि गार झालं की पुन्हा सैल. घरच्या टिक्कीचं याच्या उलट असतं. तिच्यातल्या भाताचा आणि ओट्सचा स्टार्च गार झाल्यावर आवळतो, म्हणून थापलेल्या टिक्क्या तासभर फ्रीजमध्ये ठेवणं ही पायरी मी कधीच गाळत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या पहिल्या बर्गरमध्ये पाणी भरपूर होतं, तरी तो तोंडात कोरडा का लागला? कारण त्यात स्निग्धांश नव्हता. राजम्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून आता अक्रोड आले, आणि तेलात मी काटकसर करत नाही.

माझं प्रमाण असं : निथळलेला शिजवलेला राजमा २४० ग्रॅम, मशरूम २५० ग्रॅम, एक मोठा कांदा, भाजून जाडसर कुटलेले अक्रोड ५० ग्रॅम, ओट्स ४० ग्रॅम, थोडा चिकट शिजवलेला भात ७५ ग्रॅम, वर सांगितलेलं जवसाचं मिश्रण. चवीला चार पाकळ्या लसूण, मिरपूड, धुरकट पॅप्रिका, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट आणि एक मोठा चमचा सोया सॉस. मशरूम, टोमॅटो आणि सोया सॉस या तिन्हींत ग्लुटामेट असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली ज्या चवीला ‘उमामी’ म्हटलं, ती यातूनच येते. सोया सॉस आधीच खारट असतो, तेव्हा मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

निम्मा राजमा पूर्ण कुस्करायचा, निम्मा हाताने नुसता मोडायचा. मिक्सर लावू नका. दाताखाली काहीतरी यायला हवं. मिक्सरमधून निघालेल्या मिश्रणाची पेस्ट होते आणि मग कितीही भाजा, आत लगदाच राहतो. एवढ्यात साधारण ९५ ग्रॅमच्या सहा टिक्क्या होतात. जाडी दोन सेंटिमीटरच्या आत. आकार बरोबर बनएवढा ठेवा. मांसाचा बर्गर भाजताना आक्रसतो म्हणून तो मोठा थापतात, ही टिक्की आक्रसत नाही.

बिडाचा तवा, मध्यम आच, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं, उलटणं एकदाच. उलथण्याने दाबायचा मोह टाळा. कडा तपकिरी दिसू लागल्या आणि टिक्की आपणहून तव्यावरून सरकू लागली, की समजायचं आता उलटायला हरकत नाही. कोळशावर न्यायच्या असतील तर घरी तव्यावर दोन्ही बाजू भाजून, गार करून न्या आणि ग्रिलवर नुसता धूर लागू द्या. बनच्या कापलेल्या बाजू शेकून घ्या, म्हणजे सॉस पावात मुरत नाही.

उरलेल्या टिक्क्या न भाजता, मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये. दोन-तीन महिने छान राहतात, आणि उशिरा घरी आलेल्या रात्री थेट ओव्हनमध्ये टाकता येतात.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच सहकाऱ्याकडे मी बारा टिक्क्या नेल्या. त्याने सवयीने फॉइल काढलं. मी म्हटलं, राहू दे, या सगळ्यांसाठी आहेत. फक्त ग्रिल तापायच्या आधी घासून देशील का? त्याने जाळी घासून दिली आणि आधी या भाजायच्या असं स्वतःच ठरवलं. कुणीतरी विचारलंच, मांस नसेल तर याला बर्गर म्हणायचं का? हा वाद जुनाच आहे. लंडनच्या ग्रेगरी सॅम्सने १९८२ साली पाणी घालून मळायचं कोरडं मिश्रण ‘व्हेजबर्गर’ नावाने बाजारात आणलं, तेव्हापासून हे नाव रुळलेलं आहे, आणि तरी २०२० साली युरोपियन संसदेत त्यावर मतदान झालं. तेव्हा बंदीचा प्रस्ताव फेटाळला गेला. आमच्या अंगणात उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण विचारणारा दुसरा बर्गर घ्यायला उठला होता.

बारापैकी एकही उरला नाही. मला स्वतःला एकच मिळाला, पण तो ग्रिलच्या मधोमध भाजलेला होता.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री नऊ वाजता त्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याची मुलगी आता मांस खात नाही म्हणते, तिच्यासाठी तो माझ्या प्रमाणाने टिक्क्या करत होता. सगळं भांड्यात एकत्र केलं होतं आणि हाताला नुसतं चिकटत होतं. पीठ किती घालू, असं त्याने विचारलं.

“पीठ राहू दे,” मी म्हटलं. “मशरूमचं पाणी आटू दिलं होतंस का?”

पलीकडे जरा शांतता. मग ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. मी त्याला सांगितलं, सगळं मिश्रण ट्रेवर पातळ पसर, १६० अंशांवर दहा मिनिटं, मध्ये एकदा हलव. आम्ही फोन चालूच ठेवला.