‘काही अडचण आली तर सांग’ एवढ्याने भागत नाही

नवीन वर्ष सुरू झालं की माध्यमिकला आलेल्या मुलांना आम्ही सगळेच वर्गशिक्षक पहिल्या दिवशी सांगतो, काही अडचण आली तर मला येऊन सांगा. मनापासून सांगतो, पण माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की ज्याला खरी अडचण असते तेच मूल येत नाही. येणार तरी कसं हो? स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं, आत सगळे अनोळखी शिक्षक, आपल्या बाईंचं नावही अजून नीट लक्षात नाही, आणि सांगायचं काय तर मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर बसायला कुणी नसतं. हे तोंडाने बोलणं मोठ्या माणसालाही जड जाईल. म्हणून माझं आता पक्कं मत झालंय की मदत मागायची जबाबदारी नवीन मुलावर टाकायचीच नाही, विचारायचं आपण.

प्राथमिकला बहुतेक ठिकाणी दिवसातला बराचसा वेळ एकच बाई वर्गावर असतात, पोरगं आज गप्प आहे हे त्यांना दुपारपर्यंत कळतंच. माध्यमिकला तास बदलला की शिक्षक बदलतो. गणिताच्या सरांना वाटतं मुलगी शांत आहे, विज्ञानाच्या बाईंनाही तसंच वाटतं, आणि ती दिवसभर कुणाशी एक शब्दही बोललेली नाही हे कुणालाच कळत नाही, कारण पूर्ण दिवस कुणी बघतच नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा बदल वाटतो, अभ्यास वाढण्यापेक्षाही मोठा.

अमेरिकेत रॉबर्ट फेल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा उपाय करून बघितला होता, १९८२ मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. नव्याने आलेली मुलं मुख्य विषयांच्या तासांना एकाच गटात ठेवली, म्हणजे दर तासाला नवे चेहरे नकोत, आणि वर्गशिक्षकाला हजेरी घेण्यापलीकडे त्या मुलांचा सल्लागार केलं. मूल गैरहजर राहिलं की घरी फोन, काही बिनसलंय असं वाटलं की बोलणं. त्या मुलांची हजेरी आणि मार्क इतरांपेक्षा चांगले राहिले, पुढे शाळा सोडण्याचं प्रमाणही कमी दिसलं. नवीन पुस्तकं नाहीत की जादा तास नाहीत, फक्त एका मोठ्या माणसाचं लक्ष आणि ओळखीचे चेहरे.

विचारायचं पण कसं, तर ‘सगळं ठीक ना’ असं नाही, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. मी विचारते, काल मधल्या सुट्टीत कुठे होतास, कुठल्या तासाला वेळ जाता जात नाही, गृहपाठ लिहून घ्यायला वेळ पुरतो का, टॉयलेट कुठेय ते माहितीये ना. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल पण काही मुलं लाजेपायी दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही अभ्यासात.

सोबतीला एखादा वरच्या वर्गातला दादा किंवा ताई दिली तर फार फरक पडतो, फक्त निवडताना पहिल्या नंबरची मुलं निवडू नका असं मी आमच्या इथे नेहमी भांडून सांगते. एकच वर्ष पुढे असलेलं, ज्याला स्वतःला रुळायला वेळ लागला असं मूल हवं. ते म्हणतं मलापण सुरुवातीला रडू यायचं, दिवाळी… म्हणजे पहिलं सत्र संपेपर्यंत बरं वाटायला लागलं, आणि हे वाक्य आमच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लागू पडतं. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या ११ शाळांमध्ये असंच केलं होतं, संशोधन २०१९ ला छापून आलं. आधीच्या मुलांनी लिहिलेले अनुभव नवीन मुलांना वाचायला दिले, सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते कमी होतं अशा अर्थाचे, मग त्यांना स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. बस एवढंच. पण गैरहजेरी कमी झाली, शिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या, मार्कही सुधारले.

मार्कांवरून आठवलं, पहिल्या चाचणीत मार्क घसरले तर घरच्यांनी घाबरून लगेच क्लास लावायची घाई करू नये प्लीज. आधी बघा की त्याला वेळापत्रक सांभाळता येतंय का. पाच शिक्षक एकाच दिवशी गृहपाठ देतात, प्रत्येकाला वाटतं आपण थोडाच दिलाय, आणि ते एकत्र करून कुठलं आधी करायचं हे ठरवणं हे मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं. पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून डायरी उघडा, क्रम लावायला मदत करा आणि मग उठा, गृहपाठ त्याचा त्याला करू दे. आणि झोप! १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहान असेल तर ९ ते १२, आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं हा आळस नाही. तरी मोबाइल रात्री खोलीबाहेर राहिला तर बराच फायदा होतो.

अजून एक, वर्षाच्या मध्यात बदली होऊन येणारी मुलं. यांच्यासाठी ना स्वागत असतं ना शाळा दाखवणं, वर्गातले ग्रुप तोवर घट्ट झालेले असतात आणि बाकावर जी जागा रिकामी असेल तिथे त्यांना बसवलं जातं. अशा मुलासाठी जागा आधी ठरवून ठेवा, शेजारी जे मूल बसणार त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि पहिल्या मधल्या सुट्टीत नवीन मुलाला कुठे न्यायचं तेही त्या शेजारच्या मुलाशी बोलून घ्या.