प्लाऊ निघून गेल्यानंतर ट्रेलचे काय होते

हिमवादळ सरले आणि स्नोप्लाऊने, म्हणजे पाते लावलेल्या बर्फ हटवणाऱ्या ट्रकने, रस्ता मोकळा केला, की वाहनचालकाच्या दृष्टीने काम संपलेले असते. रस्त्यावरचा बर्फ कडेला गेलेला असतो आणि त्या कडेचे पुढे काय होते, याचा विचार करण्याचे त्याला काही कारणही नसते. परंतु उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात कितीतरी स्नोमोबिल ट्रेल (पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या वाहनांच्या वाटा) नेमक्या त्याच कडेने, रस्त्यालगतच्या चरातून जातात. अमेरिकेतील एकट्या मिनेसोटा राज्यात सुमारे ३५,००० किलोमीटर लांबीच्या ट्रेल आहेत. त्यांतील बहुतांश ट्रेलची निगा स्वयंसेवी क्लब राखतात आणि त्यासाठीचा निधी मुख्यत्वे स्नोमोबिलच्या नोंदणी शुल्कातून व इंधनकराच्या एका हिश्श्यातून येतो. अशा क्लबच्या कामात मीही सहभागी होतो. रस्त्यावरचा बर्फ हटवण्याचे काम आणि ट्रेलची देखभाल ही दोन वेगळी कामे मानली जातात, परंतु प्रत्यक्षात दोन्ही कामे एकाच बर्फावर आणि एकाच पट्ट्यात चालतात, असे माझे मत या कामातूनच बनले आहे.

प्रथम जागा समजून घ्यावी लागते. मिनेसोटाच्या कायद्यानुसार राज्य आणि काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) महामार्गांवर, त्यांच्या साइडपट्टीवर किंवा चराच्या रस्त्याकडील उतारावर स्नोमोबिल चालवता येत नाही. ती चराच्या तळातून किंवा पलीकडच्या उतारावरूनच चालवावी लागते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत ती रस्त्याच्या उजव्या बाजूला, लगतच्या वाहतुकीच्या दिशेनेच चालवण्याचे बंधन आहे, कारण अंधारात समोरून येणारा चरातला दिवा पाहून वाहनचालकाला आपण चुकीच्या बाजूला आहोत असे वाटू शकते. आंतरराज्य महामार्गांच्या हद्दीत तर स्नोमोबिलला मुळीच परवानगी नाही. म्हणजे कायद्याने स्नोमोबिलला जी जागा दिली आहे, तीच रस्त्यावरून फेकलेला बर्फ साठवण्यासाठी अभियंत्यांनी खोल ठेवलेली जागा आहे.

तिथे किती बर्फ येतो, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. एका बाजूची मार्गिका आणि साइडपट्टी मिळून ६ मीटर रुंदी धरली आणि २० सेंटीमीटर ताजा बर्फ पडला असे मानले, तर रस्त्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे १.२ घनमीटर बर्फ त्या बाजूला ढकलला जातो. ताज्या बर्फाची घनता दर घनमीटरला साधारण १०० किलो धरली, तर हे वजन १२० किलो होते, म्हणजेच किलोमीटरमागे १२० टन, आणि तेही एकाच वादळात, एकाच बाजूला. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाणारा प्लाऊ हा बर्फ लांब फेकतो व त्याचा बराचसा भाग थेट चरात जातो. गाव जवळ आल्यावर वेग कमी झाला, की तोच बर्फ साइडपट्टीलगत वरंब्यासारखा साचतो. त्यामुळे एकाच ट्रेलवर काही अंतरापर्यंत जाड, विस्कटलेला थर मिळतो आणि पुढे जवळजवळ काहीच मिळत नाही.

एवढा बर्फ आयता मिळणे ही ट्रेलच्या दृष्टीने चांगली गोष्ट नाही का, असा प्रश्न कोणालाही पडेल. ती चांगली गोष्ट होऊ शकते, आणि माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे जे आहे ते इथेच आहे. आकाशातून पडलेल्या हिमकणांना नाजूक फांद्या असतात, त्यांच्यामध्ये हवा पुष्कळ असते आणि ते एकमेकांना फार कमी ठिकाणी चिकटतात. प्लाऊच्या पात्याखाली ते कण मोडतात, बारीक होतात, एकमेकांजवळ दाबले जातात आणि थंडीत काही तासांतच त्यांच्यात बर्फाचे सांधे तयार होऊन सगळा थर कडक होतो. ट्रेलची देखभाल करणारा ग्रूमर, म्हणजे ड्रॅग नावाची जड चौकट ओढणारे ट्रॅक्टरसारखे यंत्र, नेमके हेच करतो. ताशी १० किलोमीटरच्या आसपास संथपणे जाताना त्याच्यामागचे ड्रॅग उंचवटे कापते, बर्फ उलथापालथ करून त्याचे कण बारीक करते आणि शेवटी रुंद तव्याने तो दाबून सपाट करते. शेतात ढेकळे फोडून जमीन सारखी करणाऱ्या मैंदेचेच हे काम. नंतर काही तास कोणी त्यावर गेले नाही, तर ट्रेल पक्की होते. म्हणून ग्रूमिंग शक्यतो रात्री केले जाते. थोडक्यात, प्लाऊने फेकलेला बर्फ आणि ग्रूमरने घडवलेला बर्फ यांच्यात पदार्थ म्हणून फारसा फरक नाही. तो घट्ट होण्यापूर्वी त्याला कोणता आकार मिळाला, एवढाच फरक आहे. प्लाऊनंतर लवकर ग्रूमर फिरला तर फेकलेला बर्फ ट्रेलचा उत्तम पाया बनतो. तो एक रात्र तसाच पडून राहिला, तर त्याच्या कडक गाठी बनतात आणि मग त्यांच्यापुढे ड्रॅगची पातीही कमी पडतात.

म्हणूनच वादळाच्या वेळी होणाऱ्या फेकीपेक्षा नंतरच्या दिवसांतले एक काम ट्रेलला जास्त बाधते. रस्त्याकडेचे बर्फाचे बांध उंच झाले, की पुढच्या वादळाचा बर्फ ठेवायला जागा उरत नाही, आणि वारा त्या बांधांमागून बर्फ उडवून रस्त्यावरच आणून टाकतो. त्यामुळे वादळानंतरच्या निरभ्र दिवशी प्लाऊच्या बाजूचे पंखासारखे पाते उचलून बांधाचा वरचा भाग कापला जातो आणि चराकडे ढकलला जातो. रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी हे काम अत्यावश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु या वेळी चरात पडतो तो भुसभुशीत बर्फ नसून आधीच पक्का झालेला बर्फ असतो. त्याचे दगडासारखे तुकडे आदल्या रात्री तयार केलेल्या सपाट ट्रेलवर येऊन बसतात. त्यांवर नवा पातळ थर पडला तर ते दिसतही नाहीत. वेगात आलेल्या स्नोमोबिलची पुढची स्की अशा तुकड्यावर आदळली, तर हँडल हातातून हिसकावले जाते आणि सस्पेन्शनचे भाग वाकतात. जिथे रोटरी ब्लोअर वापरला जातो, तिथे मात्र परिस्थिती बरीच चांगली असते, कारण तो बर्फाचा भुगा करून दूरवर सारखा पसरवतो.

मीठ आणि वाळू यांचा परिणाम यापेक्षा सौम्य असतो, पण तो साचत जातो. साधे मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारच मंद काम करते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत घर्षणासाठी वाळू टाकली जाते. खारट राडा ट्रेलच्या कडेला पडून पुन्हा गोठला, की तिथे निसरडा पापुद्रा तयार होतो. वाळू मार्चमध्ये त्रास देते: गडद कण ऊन शोषतात, त्यांच्याभोवतीचा बर्फ लवकर वितळतो आणि जंगलातली ट्रेल अजून शाबूत असताना रस्त्याकडेच्या ट्रेलवर गवत दिसू लागते.

यापेक्षा अधिक लक्ष ट्रेल रस्ता ओलांडते त्या जागांकडे द्यायला हवे. मिनेसोटात स्नोमोबिलने रस्ता साधारण काटकोनात ओलांडायचा असतो, साइडपट्टीवर येण्यापूर्वी पूर्ण थांबायचे असते आणि रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. नियम अगदी योग्य आहे. परंतु प्लाऊ जाऊन आल्यावर तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाची भिंत उभी राहते. चालक बसलेल्या स्थितीत असतो, त्याचे डोळे फार उंचावर नसतात आणि भिंतीमागे थांबले तर येणारी गाडी दिसत नाही. मग तो भिंतीवर चढून पाहू लागतो आणि तिरक्या स्थितीत, पुढचा भाग वर उचललेला असताना थांबणे व तोल सावरणे त्याला कठीण जाते. पलीकडे उतरताना ट्रॅक, म्हणजे स्नोमोबिलला पुढे ढकलणारा फिरता पट्टा, थेट मोकळ्या डांबरावर येतो. स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा झिजतात आणि डांबरावर त्यांची पकड बसत नसल्याने वळणे जवळपास अशक्य होते. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना थंड आणि वंगणासारखा राहण्यासाठी सुटा बर्फ लागतो. द्रवशीतित इंजिनांचे उष्णता-विनिमयकही (इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारे भाग) ट्रॅकने उडवलेल्या बर्फावरच थंड राहतात. अर्थात एका ओलांडणीपुरता हा प्रश्न छोटा असतो, परंतु गावातून जाणारी आणि प्लाऊने खरवडलेली ट्रेल बरेच अंतर तशीच असेल, तर इंजिन तापल्याचा इशारा देणारा दिवा लागतो.

ही भिंत ग्रूमरने सपाट करावी असे सुचवले जाते, पण त्यात एक अडचण आहे. ग्रूमर ड्रॅग खाली ठेवून रस्ता ओलांडू लागला तर बर्फाचा पट्टा रस्त्यावर ओढला जातो आणि तो वाहनांसाठी धोकादायक ठरतो. म्हणून चालकाला रस्त्याआधीच ड्रॅग उचलावे लागते, आणि नेमका शेवटचा अवघड उतार तसाच राहतो. तो फावड्याने कापून हलका करणे आणि दोन्ही बाजूंनी दृष्टी मोकळी राहील इतका बांध मागे नेणे, हे काम हातांनीच करावे लागते. कोणत्याही क्लबला सुरक्षिततेवर थोडेच श्रम खर्च करता येणार असतील, तर ते मी सर्वांत आधी इथेच खर्च करायला सांगेन.

काही ठिकाणी प्लाऊमुळे ट्रेल खराब होत नाही, तर ती नाहीशीच होते. अनेक वनरस्ते हिवाळ्यात साफ केले जात नाहीत आणि तेच ट्रेल म्हणून वापरले जातात. अशा रस्त्यावर लाकूडतोडीचे काम सुरू झाले किंवा कोणी बारमाही राहायला आले, की तो साफ करावा लागतो आणि ट्रेलची साखळी मध्येच तुटते. लाकूड वाहणारे ट्रक आणि स्नोमोबिल यांना एकाच अरुंद रस्त्यावर ठेवण्यापेक्षा त्या हंगामापुरती ट्रेल वळवलेलीच मला योग्य वाटते. वळवणे शक्य नसेल, तर पाते थोडे उंच ठेवून काही सेंटीमीटर दाबलेला बर्फ रस्त्यावर राहू दिल्यास किमान मार्ग टिकतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हाच प्रश्न दिनदर्शिकेने सोडवलेला आहे. तिथले बहुतेक रस्ते हिवाळ्यात मोटारींसाठी बंद असतात आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ दाबून ते स्नोमोबिल व स्नोकोचसाठी (बर्फावर चालणाऱ्या प्रवासी गाड्यांसाठी) तयार ठेवले जातात. मार्चमध्ये प्लाऊ कामाला लागतात आणि टप्प्याटप्प्याने रस्ते पुन्हा चाकांच्या वाहनांकडे जातात. उत्तर प्रवेशद्वारापासून ईशान्य प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता मात्र हिवाळाभर साफ ठेवला जातो. कोणता रस्ता कोणासाठी आणि कधीपर्यंत, हे आधीच ठरलेले असल्यामुळे प्लाऊ तिथे कोणालाही अनपेक्षित नसतो.

सर्वसाधारण रस्त्यांवर इतकी स्पष्ट विभागणी होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. रुग्णवाहिका आणि शाळेची बस ट्रेलपेक्षा आधी गेलीच पाहिजे. परंतु बांध मागे सारण्याचे काम कोणत्या भागात कोणत्या दिवशी होणार आहे, एवढे क्लबला आदल्या दिवशी कळले, तरी ग्रूमर ते काम झाल्यानंतरच्या रात्री त्याच भागात पाठवता येतो आणि आदल्या रात्री केलेले ग्रूमिंग दुसऱ्या दिवशी वाया जात नाही. रस्ते विभागालाही यात काही गमवावे लागत नाही. चालकांनीसुद्धा एक गोष्ट पाळायला हवी: रस्ता साफ झाल्यानंतरची चरातली ट्रेल काल पाहिलेली ट्रेल नसते. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, पण ताज्या फेकीनंतर चरातून त्या वेगाच्या जवळपासही जाऊ नये.

शेवटचा मुद्दा खाजगी प्रवेशमार्गांचा. चरातली ट्रेल प्रत्येक घराच्या प्रवेशमार्गावर चढते आणि पलीकडे उतरते. त्या भरावाखाली पाणी जाण्यासाठी मोरी असते. आपला प्रवेशमार्ग साफ करताना अनेकजण ट्रॅक्टरने किंवा पिकअपच्या प्लाऊने बर्फ सरळ रस्त्यापलीकडे किंवा शेजारच्या चरात ढकलतात. त्यामुळे उतारावर नेमका चढाच्या माथ्यामागे एक कठीण ढीग उभा राहतो, जो येणाऱ्या चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. शिवाय वसंतात मोरीचे तोंड बुजून वितळलेले पाणी रस्त्यावर येते. मिनेसोटात सार्वजनिक रस्त्यावर, त्याच्या चरात आणि हद्दीत असा बर्फ टाकणे कायद्याने मना आहे, हे बऱ्याच रहिवाशांना ठाऊक नसते. सरकारी प्लाऊने केलेली फेक लांबवर पसरलेली असते, तर हा ढीग एकाच जागी आणि सर्वांत वाईट जागी असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच क्लबने अशा घरी जाऊन भेटावे, ट्रेल कुठून जाते ते प्रत्यक्ष दाखवावे आणि बर्फ आपल्याच अंगणाच्या आतल्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेने पुढे ढकलण्याची विनंती करावी.